दोन दूरच्या शहरांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ : विमानाचा आणि रस्त्याचा हिशोब कसा मांडायचा?

वाटाड्या

दोन लांबची शहरं एकमेकांपासून किती दूर आणि पोचायला किती वेळ, असं विचारलं की सहसा एकच आकडा हातात पडतो. त्यावर तिकीट, सुट्टी, मुक्काम सगळं बेतलं जातं आणि नंतर अर्धा-अर्धा दिवस कमी पडतो. हा हिशोब मुळापासून कसा मांडायचा, ते इथे एकत्र व्हावं म्हणून हा धागा.

बोलायला एक जोडी घेऊ : ऑस्ट्रेलियातली सिडनी आणि पर्थ. एकच देश, दोन टोकं, मध्ये सलग रस्ता आणि थेट विमानं. तीन पद्धतींनी हवाई अंतर काढलं तर ३,२९१, ३,३०७ आणि ३,९३७ किमी असे तीन आकडे येतात. रस्त्याने साधारण ३,९३० किमी. विमानाला पर्थकडे जाताना पाच तास लागतात, येताना चार. यातला खरा आकडा कोणता? एकाच मार्गाला दोन वेळा का? आणि रस्त्याने नक्की किती दिवस धरायचे?

अंशकला

खरा आकडा ३,२९१. कसा येतो ते पायरीपायरीने मांडतो, म्हणजे कुठल्याही जोडीला लावता येईल.

सिडनी : ३३.८७ दक्षिण, १५१.२१ पूर्व. पर्थ : ३१.९५ दक्षिण, ११५.८६ पूर्व. सूत्र हॅव्हरसाइनचं, म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढणारं.

अक्षांशांतला फरक १.९२ अंश. त्याचा निम्मा ०.९६, आणि त्याच्या साइनचा वर्ग ०.०००२८.

रेखांशांतला फरक ३५.३५ अंश. निम्मा १७.६७५, साइनचा वर्ग ०.०९२१८५. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणायचं (०.८३०३ × ०.८४८५ = ०.७०४५). उत्तर ०.०६४९५.

दोन्हींची बेरीज ०.०६५२३. वर्गमूळ ०.२५५४०. त्याचा आर्कसाइन रेडियनमध्ये ०.२५८२६. दुप्पट केली की ०.५१६५२. पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ ने गुणलं की ३,२९१ किमी.

३,३०७ हा आकडा पृथ्वी सपाट धरून, पण रेखांशाच्या फरकाला मधल्या अक्षांशाचा कोसाइन लावून येतो. इतक्या अंतरावर सोळा किमीची चूक, म्हणजे घाईच्या हिशोबाला चालण्यासारखी. ३,९३७ मध्ये मात्र तो कोसाइनसुद्धा लावलेला नाही. एक अंश म्हणजे १११.२ किमी, असं अक्षांशाला आणि रेखांशाला सरसकट लावलं आहे. रेखांशाचा एक अंश तेवढा फक्त विषुववृत्तावर असतो. ३३ अक्षांशावर तो ९३ किमीच्या आसपास उरतो आणि ध्रुवावर शून्य होतो.

इथे एक सापळा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. या जोडीत तो चुकीचा ३,९३७ रस्त्याच्या अंतराला जवळजवळ चिकटून येतो. निव्वळ योगायोग आहे, पण पाहणाऱ्याला वाटतं की सूत्र बरोबर असून ते रस्त्याचं अंतर देतंय. मग तेच सूत्र दुसऱ्या जोडीला लावलं जातं. एकाच रेखांशावरच्या उत्तर-दक्षिण शहरांना लावलं तर ते अचूक हवाई अंतर देतं, उच्च अक्षांशावरच्या पूर्व-पश्चिम शहरांना लावलं तर दुपटीच्या वर जातं. एका जोडीवर उत्तर जुळलं म्हणून सूत्र बरोबर ठरत नाही.

नकाशावेडी

अंशकला, याला एक जोड. हे सगळ्यात जवळचं अंतर बृहद्वृत्तावरचं (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरचं) आहे, आणि नेहमीच्या भिंतीवरच्या नकाशात ती रेषा सरळ दिसत नाही. सिडनी-पर्थच्या बृहद्वृत्ताचा मध्यबिंदू काढला तर तो ३४.२ दक्षिण अक्षांशावर येतो, म्हणजे दोन्ही शहरांच्याही दक्षिणेला. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा त्याच्या जवळपास दीडशे किमी उत्तरेकडून जाते. नकाशात विमानाचा मार्ग वाकडा दिसला की लांबून नेतायत असं वाटतं, ते यामुळे. दक्षिण गोलार्धात हा बाक दक्षिणेकडे असतो, उत्तर गोलार्धात उत्तरेकडे.

चौकस

गोल पृथ्वी धरली तर चूक किती राहते? पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आहे ना?

अंशकला

विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय ६,३५७ किमी. गोल धरल्याने जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक येते. सिडनी-पर्थला दहा किमीच्या आत. प्रवासाच्या हिशोबात हे धरायची गरज नाही. जमीन मोजायची असेल तर चपटेपणा धरणारी विन्सेंटीची पद्धत वापरा.

खऱ्या चुका दुसरीकडेच होतात. साधारण याच क्रमाने तपासा :

अंश-कला आणि दशांश यांची गल्लत. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. ही एक चूक २२ किमी खाते.

चिन्ह विसरणं. दक्षिण आणि पश्चिम उणे. दोन्ही शहरं एकाच गोलार्धात असतील तर चूक लपते, कारण फरक तोच राहतो. एक शहर विषुववृत्ताच्या पलीकडे गेलं की आकडा भलताच येतो.

स्प्रेडशीटमध्ये अंश तसेच साइनला देणं. तिथे सगळं रेडियनमध्ये लागतं, म्हणून आधी पाय भागिले १८० ने गुणा.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. काही ठिकाणी आधी अक्षांश लिहितात, काही ठिकाणी आधी रेखांश. अक्षांश ९० च्या वर दिसला की समजायचं.

आणि विमानाच्या आकड्यांमध्ये मैल दिसले तर ते बहुतेक सागरी मैल असतात. १ सागरी मैल १.८५२ किमी, जमिनीवरचा १.६०९.

धावपट्टी

आता वेळ. नुसतं अंतर भागिले वेग केलं की उत्तर कमी येतं, कारण विमान पूर्ण वेगात फक्त मधला टप्पा उडतं.

वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतला नसतो. फाटकापासून (गेटपासून) विमान हललं तिथून दुसऱ्या शहरात फाटकाला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जायला १० ते २० मिनिटं, उतरल्यावर ५ ते १० मिनिटं. वर चढायला २० ते २५ मिनिटं, त्यात वेग कमी. उतरणीचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना ३ सागरी मैल, म्हणजे ३५,००० फुटांवरून उतरायला १०५ सागरी मैल, सुमारे १९५ किमी आधीपासून सुरुवात. आणि १०,००० फुटांखाली बऱ्याच देशांत २५० नॉटची (ताशी २५० सागरी मैलांची) मर्यादा असते.

मधल्या टप्प्याचा वेग : ११ किमी उंचीवर हवा उणे ५६.५ अंश सेल्सियस धरली तर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ साधारण ०.७८ माकने (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीने) जातात, म्हणजे ८२८. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० ०.८५ ला, म्हणजे ९०३.

विमान बृहद्वृत्तावर तंतोतंतही उडत नाही. धावपट्टीची दिशा, ठरलेले हवाई मार्ग, वादळं, लष्करी क्षेत्रं यांमुळे ३ ते ५ टक्के वाढतात. सिडनी-पर्थचे ३,२९१ म्हणून ३,४०० धरा.

आता वारा. या अक्षांशांवर ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. समोरून ताशी १०० किमी धरला तर पर्थकडे जाताना जमिनीवरचा वेग ७३०, येताना ९३०. ३,४०० भागिले ७३० म्हणजे ४ तास ४० मिनिटं, भागिले ९३० म्हणजे ३ तास ४० मिनिटं. चढ-उतार आणि जमिनीवरचं सरकणं मिळून अर्धा तास घाला. ५ तास १० मिनिटं आणि ४ तास १० मिनिटं. वाटाड्यांनी दिलेला पाच आणि चारचा फरक हा असा.

उत्तर अटलांटिकवर हेच ठळक दिसतं. लंडनहून न्यूयॉर्कला साधारण आठ तास, परतीला सात किंवा त्याहून कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याचा जोर पाठीशी असताना एका बोइंग ७४७ ने न्यूयॉर्क ते लंडन ४ तास ५६ मिनिटांत केलं होतं.

चौकस

म्हणजे जाता-येता वारा फिटंफाट होतो? एकूण वेळ वारा नसल्यासारखाच?

धावपट्टी

नाही. ४,००० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १०० असं घ्या. समोरच्या वाऱ्यात ८०० ने ५ तास, पाठच्या वाऱ्यात १,००० ने ४ तास. एकूण ९. वारा नसता तर ८ तास ५३ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नफ्यापेक्षा नेहमी मोठा.

आणखी एक गोष्ट. अंतर तेच राहूनही वेळ कायमचा बदलू शकतो. हेलसिंकी-टोकियो बृहद्वृत्तावर सुमारे ७,८०० किमी. रशियाच्या हद्दीतून जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये ती हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून तेरा तासांच्या आसपास लागू लागले. जुने प्रवासवेळाचे तक्ते इथे साफ खोटे ठरतात. वेळापत्रकातला वेळही कंपन्या थोडा सैल ठेवतात. खरा वेळ हवा असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर त्याच उड्डाणाचे मागचे दहा-पंधरा दिवस उघडा आणि आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. सरासरी घेऊ नका, एका मोठ्या खोळंब्याने ती बिघडते.

मैलाचा दगड

आता रस्ता. माहिती नसेल तर हवाई अंतराला १.२ ते १.४ ने गुणायचं, हा ठोकताळा चालतो. सिडनी-पर्थ १.१९. लॉस एंजेलिस-न्यूयॉर्क हवाई ३,९४० च्या आसपास, रस्ता ४,४९० च्या आसपास, म्हणजे १.१४. सपाट प्रदेश आणि सरळ हमरस्ते असले की गुणक उतरतो. मॉस्को-व्लादिवोस्तोक हवाई ६,४०० च्या थोडं वर, रस्ता ९,१०० च्या आसपास, १.४. डोंगर, खाडी, मोठी नदी मध्ये असेल तर जवळच्या शहरांतही दोनच्या वर जातो. अंतर वाढेल तसा गुणक सहसा कमी होत जातो, कारण छोटी वळणं लांबच्या प्रवासात विरघळतात.

वेगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक सरासरीची. अर्धं अंतर ६० ने आणि अर्धं १२० ने गेलं तर सरासरी ९० नाही, ८० येते. ३६० किमीचा रस्ता : पहिल्या १८० ला ३ तास, पुढच्या १८० ला दीड तास. साडेचार तासांत ३६०. संथ तुकडा सगळा वेळ खातो, म्हणून तुकड्यांचा वेळ वेगवेगळा काढून बेरीज करा. शहरातून बाहेर पडायचे ३० किमी हा कायम स्वतंत्र तुकडा.

वेग वाढवून फार काही हाती लागत नाही. ४०० किमी ताशी १०० ने ४ तास, ११० ने ३ तास ३८ मिनिटं. वाचलेली २२ मिनिटं एका इंधनाच्या थांब्यात जातात, आणि वेगाने हवेचा रोध वाढल्यामुळे तो थांबा आधी येतो.

थांबे : दर दोन तासांनी १५ मिनिटं, जेवणाला ४५. दिवसाला किती तास चालवायचं, याला धंदेवाईक चालकांचे नियम हा चांगला मापदंड आहे. युरोपीय संघात दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती. अमेरिकेत मालवाहू गाड्यांना ११ तास, त्याआधी सलग १० तास सुटी. रोज चालवणाऱ्यांची ही कमाल मर्यादा आहे. कधीतरी लांब जाणाऱ्याने ८ ते ९ च्या वर आखणी करू नये, असं माझं स्पष्ट मत.

विजेची गाडी असेल तर १० ते ८० टक्के भरायला वेगवान चार्जरवर २० ते ४० मिनिटं धरा. ८० च्या पुढे भरणं मंदावतं, तिथे थांबून राहण्यापेक्षा पुढे निघून आणखी एकदा थांबणं वेळेला परवडतं. थंडीत आणि ११० च्या वेगाला पल्ला जाहिरातीपेक्षा बराच कमी पडतो.

नकाशावेडी

गुणकाबाबत एक इशारा हवा. काही जोड्यांना तो लागूच होत नाही, कारण रस्ताच नाही. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये डेरियनचं जंगल आहे, सुमारे १०० किमीचा तुकडा रस्त्याविना. पनामा सिटीहून मेडेयिनला विमानाने तासाभराचं काम, गाडीने मार्गच नाही. अलास्काची राजधानी जुनो आणि पेरूतलं इक्विटोस यांनाही बाहेरून गाडीरस्ता नाही. हवाई अंतराला १.३ ने गुणून छापलेले आकडे अशा शहरांसाठीही दिसतात. नकाशावर रस्ता एकदा डोळ्यांनी पाहा.

वाटाड्या

विमान आणि गाडी यांत कुठल्या अंतरापासून विमान सरस ठरतं? दारापासून दारापर्यंत धरून.

धावपट्टी

घर ते विमानतळ ४५ मिनिटं, उड्डाणाआधी दीड तास, उतरल्यावर बॅगेला अर्धा तास, तिथून शहरात ४५. झाले साडेतीन तास, विमान हलायच्या आधीचे आणि थांबल्यानंतरचे. त्यात चढ-उताराचे ३५ मिनिटं घाला, आणि अंतराला ८०० ने भागा. गाडीकडे हवाई अंतराला १.२५ ने गुणून थांब्यांसह ८५ ने भागा. दोन्ही बाजू हवाई सुमारे ३०३ किमीला, म्हणजे रस्त्याच्या ३८० ला सारख्या होतात. त्याच्या आत गाडी, पुढे विमान. आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल तर आधीचे तीन तास धरा, हद्द रस्त्याच्या ५०० किमीच्या पलीकडे सरकते.

विमान बदलायचं असेल तर एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं असली की पहिलं उशिरा पोचल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणावर नसते, आणि बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते. बाहेरून अमेरिकेत येताना तर एका तिकिटावरही सहसा पहिल्या विमानतळावर बॅग सीमाशुल्कातून काढून परत सोपवायची असते.

घड्याळजी

वेळ मोजताना पोचल्याची वेळ वजा निघाल्याची वेळ करू नका. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. आधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा.

पर्थ आठ तास पुढे, वर्षभर. सिडनी हिवाळ्यात दहा, उन्हाळ्यात अकरा, कारण तिथे घड्याळ पुढे करतात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात करत नाहीत. उन्हाळ्यात सिडनीहून संध्याकाळी ६ ला निघून पाच तासांनी उतरलं तर पर्थच्या घड्याळात रात्रीचे ८. तिकीट पाहून वाटतं दोनच तासांचा प्रवास. परतीला सकाळी १० ला निघून चार तासांनी उतरलात की सिडनीत संध्याकाळचे ५, म्हणजे कागदावर सात तास. ऑकलंडहून होनोलुलूला गेलं तर तारीखच एक दिवस मागे येते. मुक्कामाची खोली चुकीच्या तारखेला घेतली जाते ती इथे.

वाटाड्या

सगळ्यांचं धरून रस्त्याचा हिशोब मांडतो, तपासा. ३,९३० किमी, चालतं असताना सरासरी ९०, म्हणजे ४३ तास ४० मिनिटं. पाच दिवसांत विभागलं की रोज ७८६ किमी, ८ तास ४४ मिनिटं. थांबे १५ चे तीन आणि जेवणाचे ४५, एकूण दीड तास. रोज १० तास १४ मिनिटं. जायला पाच दिवस, यायला पाच.

मैलाचा दगड

गणित बरोबर, पण या रस्त्यावर तीन गोष्टी धरायच्या राहिल्या. सेडुना ते नॉर्समन हा सुमारे १,२०० किमीचा तुकडा नलरबोरच्या ओसाड मैदानाचा. तिथे इंधनाच्या दोन ठिकाणांमध्ये १९० किमीपर्यंत काही नसतं, त्यामुळे थांबे तुमच्या दोन तासांच्या ठोक्यावर पडत नाहीत, रोडहाऊस (रस्त्याकडेचं इंधन-खाण्याचं ठिकाण) असेल तिथे पडतात. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. बॅलाडोनिया ते कायगुनामध्ये १४६.६ किमी एकही वळण नाही, आणि त्या तुकड्यात झोप येणं हाच मोठा धोका. तिथे शिरण्याआधी थांबा घ्या, मध्ये घ्यायची वेळ येऊ देऊ नका. शिवाय पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर गाडी तपासतात. फळं, भाज्या, मध तिथे सोडावं लागतं. परतीची तपासणी सेडुनाला.

आणि सगळ्यात मोठी : संध्याकाळ ते पहाट तिथे चालवायचं नाही. कांगारू आणि उंट रस्त्यावर येतात. जूनमध्ये या अक्षांशावर उजेड सुमारे १० तासच असतो. तुमचे १० तास १४ मिनिटं त्यात बसत नाहीत.

घड्याळजी

जाताना बसतात, येताना नाही बसत. पश्चिमेला एक अंश सरकलं की सूर्य चार मिनिटं उशिरा मावळतो. ३५.३५ अंश पाच दिवसांत म्हणजे रोज सात अंश, रोज २८ मिनिटांचा जास्तीचा उजेड. जूनमध्ये पर्थकडे जाणाऱ्याला १० तास २८ मिनिटं मिळतात, वाटाड्यांचे १० तास १४ जेमतेम आत. येणाऱ्याची तीच २८ मिनिटं कापली जातात : ९ तास ३२, म्हणजे रोज ४२ मिनिटं अंधारात.

यायला सहा दिवस धरा. रोज ६५५ किमी, ७ तास १७ मिनिटं चालवणं, दीड तास थांबे, एकूण ८ तास ४७. उजेड ९ तास ३६. आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीजवळच्या युक्ला गावाच्या आसपास घड्याळाकडे पाहून सूर्यास्ताचा अंदाज बांधू नका. तिथली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ८ तास ४५ मिनिटं पुढे पाळतात, फोन बहुतेक वेळा ती दाखवत नाही.

वाटाड्या

दुरुस्त केलं. जूनसाठी जायला पाच, यायला सहा. डिसेंबरचा हिशोब उजेडाचे तास बदलून वेगळा टाकतो.